लोकांशीं बोलण्याची विद्या

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या महिन्यांत बराच वाद माजला होता. घर एकत्र कुटुंबाचें. तिघे भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें, आणि सर्वांच्या वर आजी. धाकट्या भावाची कन्या पदवीधर झाली असून तिला आतां जनसंपर्काचा अभ्यासक्रम घ्यावयाचा आहे. थोरले काका वकील. त्यांनीं विचारलें, "ओळखीपाळखी वाढविण्यास का कॉलेजांत जावें लागतें?" आजींनीं तर निकालच देऊन टाकला, "खोटें गोड करून सांगायचें, त्यालाही आतां परीक्षा!" मग आमचें मत विचारण्यांत आलें. हा प्रश्न इतर घरांतही निघत असेल, म्हणून तेथें जें बोललों तें येथें देत आहों.

ही विद्या अमेरिकेंत वाढली, आणि तीही पाठशाळेंत नव्हे, तर संपांत व अपघातांत. १९०२ सालीं पेनसिल्व्हेनियांतील कोळशाच्या खाणींत मोठा संप झाला. मजुरांचा पुढारी जॉन मिचेल बातमीदारांशीं मोकळेपणानें बोले; खाणमालक तोंड मिटून बसले. लोकांची सहानुभूति कोणीकडे गेली हें सांगावयास नको. १९०६ सालीं पुनः संपाचीं चिन्हें दिसूं लागतांच मालकांनीं आयव्ही ली या माजी बातमीदारास आपल्या वतीनें बोलण्यास नेमलें. त्यानें वृत्तपत्रांस एक जाहीरनामा धाडला. आमचें काम उघड्यावर चालेल, आम्ही देऊं ती माहिती अचूक असेल, आणि ती पडताळून पाहूं इच्छिणारास आम्ही साह्य करूं, असा त्याचा आशय होता.

त्याच वर्षीं २८ ऑक्टोबर रोजीं अटलांटिक सिटीजवळ विजेवर चालणारी एक आगगाडी पुलावरून पाण्यांत कोसळली व पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. अपघात होईल तितका झांकावा, हा त्या काळच्या रेल्वे कंपन्यांचा शिरस्ता. लीनें पेनसिल्व्हेनिया रेल्वेकडून नेमकें उलट करविलें. कंपनीनें स्वतः होऊन निवेदन काढलें आणि बातमीदारांस अपघाताच्या जागीं नेण्याची सोय केली. आपल्याकडे लग्नघरांत भात करपला तर एखादा जाणता गृहस्थ मांडवांत येऊन हात जोडतो आणि "पंगतीस अर्धा तास उशीर आहे" असें सांगून टाकतो. पाहुणे कुरकुरतात, पण रुसून उठत नाहींत. लीनें केलें तें याहून फार निराळें नव्हतें.

येथवर ऐकून आजींची मान डोलूं लागली होती. पण पुढचें न सांगणें म्हणजे आम्हींच जाहिरात केल्यासारखें झालें असतें.

१९१४ च्या एप्रिलमध्यें कोलोरॅडोंत लुडलो येथें संपवाल्या खाणमजुरांच्या तंबूंवर सरकारी शिबंदीनें हल्ला केला. तंबूंस आग लागली आणि एका तंबूखालच्या खड्ड्यांत आसऱ्यास गेलेल्या २ स्त्रिया व ११ मुलें गुदमरून मेलीं. खाणीच्या कंपनींत रॉकफेलर घराण्याचा मोठा वांटा होता. लोकक्षोभ उसळतांच त्या घराण्यानें हाच ली बोलाविला. त्यानें मालकांच्या बाजूचीं पत्रकें देशभर वांटलीं. त्यांत कामगारपुढाऱ्यांच्या मिळकतीचे फुगविलेले आंकडेही होते. पुढें चौकशी आयोगापुढें त्यास विचारलें गेलें कीं, मालकांनीं दिलेली माहिती खरी आहे कीं नाहीं हें पाहण्यास आपण कोणते श्रम घेतले? कांहींच नाहीं, अशी त्यानें कबुली दिली. आठ वर्षांपूर्वीं पडताळ्याचें वचन देणारा तो हाच!

या विद्येस वर्गांत आणलें एडवर्ड बर्नेजनें. मनोविश्लेषक फ्रॉइडचा हा भाचा. १९२३ सालीं त्यानें या विषयावर ग्रंथ लिहिला व न्यूयॉर्क विद्यापीठांत तो शिकविलाही. १९२९ च्या ईस्टर सणास न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कांहीं तरुणींनीं सिगारेटी पेटविल्या व त्यांस स्वातंत्र्याच्या मशाली म्हटलें गेलें. लोकांस वाटलें, स्त्रीहक्काचा उठाव. पडद्यामागें होता बर्नेज, आणि त्याला पैसे देणारी तंबाखूची कंपनी. युक्ति बिनतोड खरी, पण आम्हांस ती लुडलोच्या पत्रकांइतकीच खटकते.

ग्रुनिग व हंट यांनीं १९८४ सालीं या साऱ्या व्यवहाराचे चार प्रकार पाडले. नुसता गाजावाजा, एकतर्फी माहिती, लोकांचें मन जाणून त्यांस वळविणें, आणि चौथा, लोकांचें ऐकून स्वतःही बदलणें. विद्यार्थ्यास चारही शिकावे लागतात. नोकरींत चौथ्याची संधि क्वचितच येते, हें त्या कन्येस आम्हीं स्पष्ट सांगितलें. निवेदन लिहिणें किंवा बातमीदारांच्या प्रश्नांस उत्तरें देणें हें सरावानें येतें. धन्यानें दिलेला आंकडा छापण्यापूर्वीं "हा कोठून आला?" असें धन्यासच विचारणें, हा खरा कठीण भाग.

"म्हणजे उलटतपासणी," काका म्हणाले, "आणि तीही आपल्याच अशिलाची!"

कन्येनें अभ्यासक्रमास नांव घातलें आहे. पहिल्या निबंधासाठीं तिनें लुडलोचा विषय घेतला असून काकांनीं तो आधीं आपणांस वाचावयास मागितला आहे. आजी म्हणतात, "मलाही वाचून दाखवा. पण गोड करून नको."