पिठाच्या कोठीतलं पाणी

सांगली-साताऱ्याला समुद्र नाही. सांगलीच्या गल्लीत बोट दिसते ती २०१९सारख्या महापुरातच. पण रात्री अकराला विश्रामबागेतल्या नाहीतर साताऱ्याच्या सदर बझारातल्या एखाद्या पोराच्या खोलीत डोकावावं, तर पडद्यावर अटलांटिक उसळत असायचा. 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' हा २०१५ साली आलेला खेळ. एका बाजूला बारा जहाजं, समोर बारा. त्या गर्दीत एक जर्मन जहाज हमखास वाद लावतं : 'अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे'. कुणी म्हणतं, याच्यासारखं जहाज नाही. कुणी म्हणतं, पैसे पाण्यात.

खरं म्हणजे दोघांचंही बरोबर आहे, कारण भांडणाचं मूळ जहाजाच्या जन्मातच आहे. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीवर व्हर्सायच्या तहानं अट घातली की दहा हजार टनांपेक्षा मोठी युद्धनौका बांधायची नाही. जर्मन अभियंत्यांनी त्या मापात (कागदावर तरी) बसवता येईल तेवढं बसवलं. एकेका टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या कवचघरात, तीन अशा २८ सेंटीमीटरच्या सहा तोफा, मागच्या अंगाला आठ टॉर्पेडोनळ्या, आणि वेग २८ नॉटच्या आसपास. हिशेब सरळ होता. जो भारी पडेल त्याच्यापुढून पळायचं, जो पळून गाठेल त्याला तोफांनी झोडायचं. दोन्ही बाबतींत वरचढ अशी 'हूड', 'रिनाउन' आणि 'रिपल्स' ही तीनच जहाजं तेव्हा ब्रिटिशांकडे होती. इंग्रज पत्रकारांनी या प्रकाराला नाव दिलं, खिशातली युद्धनौका.

खेळात मात्र ती युद्धनौकांच्या रांगेत नाही, क्रूझरच्या, म्हणजे त्यांच्याहून हलक्या लढाऊ जहाजांच्या, रांगेत बसते. त्यामुळे समोर क्रूझर आली की मजा : ग्राफ श्पेचा एक गोळा ३०० किलोंचा, 'लिअँडर' जातीच्या ब्रिटिश क्रूझरचा जेमतेम ५१ किलोंचा. कडेचं चिलखत दाखवत आडवी फिरणारी क्रूझर नेमकी सापडली, तर एका फैरीत अर्धी. पण तोफा पुन्हा भरायला वीसेक सेकंद लागतात, तेवढ्यात लिअँडर दोनतीन वेळा बरसून धुरात गडप होते. शिवाय टरेट दोनच. शत्रू दोन दिशांनी आला तर एकाकडे बघावं की दोघांकडे, हा प्रश्न. आणि समोर खरी युद्धनौका उभी राहिली तर ग्राफ श्पेचं चिलखत पापडासारखं. नवशिके खेळाडू हमखास इथं फसतात. नाव युद्धनौकेचं ऐकलेलं असतं, म्हणून छाती काढून पुढे जातात.

१३ डिसेंबर १९३९च्या पहाटे, दक्षिण अमेरिकेच्या प्लाता नदीच्या मुखाबाहेर, कप्तान हान्स लांग्सडॉर्फही तसाच पुढे गेला. तोवर त्यानं नऊ व्यापारी जहाजं बुडवली होती, त्यांतलं एक आपल्या हिंदी महासागरात, मोझांबिकजवळ. या नऊ जहाजांवरचा एकही खलाशी त्यानं मरू दिला नव्हता, हेही सांगायला हवं. क्षितिजावर 'एक्झिटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीज' या तीन ब्रिटिश क्रूझर दिसल्या आणि पळायचं सोडून तो भिडला. तिघी दोन बाजूंना पांगल्या. दोन टरेटचा जुना प्रश्न आता खऱ्या समुद्रात उभा राहिला. त्यानं आधी एक्झिटरवर आग धरली आणि तिला लुळी करून टाकलं, ६१ माणसं गेली. पण तेवढ्या वेळात एजॅक्स आणि अकिलीज या धाकट्या दोघी जवळ सरकल्या.

इथवर खेळ आणि इतिहास हातात हात घालून चालतात. पुढे खेळ मागे पडतो.

पडद्यावर जहाजाच्या नावापुढे त्याचा जीव मोजणारी एक पट्टी असते. ती शून्यावर येईपर्यंत जहाज तरंगत राहतं. गोळे संपत नाहीत, डिझेल संपत नाही, जेवायची वेळ होत नाही. खऱ्या ग्राफ श्पेची पट्टी मात्र बरीच शिल्लक होती. तोफा चालत होत्या, इंजिनं चालत होती. ३६ माणसं गेली होती, तरी जहाज तरंगत होतं. बिघडलं होतं ते भलतंच.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हे चटकन कळेल. विहिरीवरचं डिझेल इंजिन कितीही दणकट असो, तेलात कचरा आला की नोजल चोंदतो आणि इंजिन धुसफुसून बसतं. ग्राफ श्पेमध्ये मान कंपनीची आठ मोठी डिझेल इंजिनं होती. वाफेवरच्या जहाजांसारखा बॉयलर तापायची वाट बघायला नको, आणि एका भरणीत महासागर पालथे घालता येत. हीच तिची सगळ्यात मोठी ताकद. पण टाकीतलं जाडं तेल इंजिनाला देण्याआधी वाफेवर गरम करून गाळून घ्यावं लागे. ती यंत्रणा चिलखताच्या आत नव्हती. एका गोळ्यात ती गेली. गोडं पाणी करणारा संच गेला. भटारखाने गेले, अ‍ॅडमिरलचा एक तेवढा वाचला. पिठाच्या कोठीत पाणी शिरलं. हजारभर माणसांच्या पावाचं काय, हा मजकूर जहाजाच्या नुकसानीच्या अहवालात आहे. नाळेला पडलेलं भगदाड घेऊन हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक ओलांडून घरी जाणं अशक्य होतं.

दुरुस्तीसाठी लांग्सडॉर्फ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरला. तटस्थ देशानं ७२ तास दिले. बाहेर मोठं आरमार जमतंय अशी हूल ब्रिटिशांनी उठवली. प्रत्यक्षात भर पडली होती ती 'कंबरलंड' या एका क्रूझरची. १७ डिसेंबरला लांग्सडॉर्फनं माणसं उतरवून जहाज स्वतःच उडवून दिलं आणि दोनतीन दिवसांतच ब्यूनस आयरेसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. खेळात हूल हे हत्यार कुठल्याच टियरला, म्हणजे जहाजांच्या कुठल्याच पायरीला, मिळत नाही.

त्या धाकट्या दोघींपैकी एक पुढे मुंबईला आली, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. न्यूझीलंडच्या खलाशांनी लढवलेली अकिलीज भारतानं विकत घेतली. ५ जुलै १९४८ला तिचं नाव 'दिल्ली' झालं, आणि ती स्वतंत्र भारताच्या नौदलाची ध्वजनौका ठरली. १९५०मध्ये पंडित नेहरू हिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले. १९५६मध्ये प्लाताच्या त्या लढाईवर इंग्रजी सिनेमा आला, त्यात अकिलीजचं काम 'दिल्ली'नं स्वतःच केलं. ग्राफ श्पे कुठून आणणार? तिचं काम 'सेलम' या अमेरिकी क्रूझरला दिलं. तिला दोनाऐवजी तीन टरेट. खेळातल्या पोरांनी हा सिनेमा पाहिला तर दहाव्या मिनिटाला ओरडतील.

 १९६१च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या मोहिमेत 'दिल्ली'नं दीवच्या पोर्तुगीज किल्ल्यावर सहा इंची तोफा डागल्या. ग्राफ श्पेवर आग ओकलेलं ते जहाज पुढच्या वर्षी सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांच्या, म्हणजे नव्या संरक्षणमंत्र्यांच्या, आरमारात होतं.

१९७८मध्ये 'दिल्ली' सेवेतून उतरली आणि भंगारात गेली. तिचं एक टरेट मात्र भारतानं न्यूझीलंडला भेट दिलं. ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्टमध्ये, नौदलाच्या तळाच्या दाराशी, त्या दोन तोफा अजून उभ्या आहेत.