सी.ओ.डी. म्हणजे काय, आणि त्याला दोन तास का?



वालधुनी नदी अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करीत कल्याणच्या खाडीकडे जाते. वाटेत कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी पोटात घेऊन तिचा पार नाला झाला आहे. तिकडे ऊस नाही. पण पाण्याचा हिशेब सगळीकडे एकच. तो हिशेब म्हणजे सी.ओ.डी.: पाण्यातली घाण जाळून टाकायला लागणारा प्राणवायू.

आसवनीच्या स्पेंटवॉशचा हा आकडा लिटरला सुमारे १ लाख मिलिग्रॅम असतो. नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे २५०! म्हणूनच मळीवरच्या आसवन्यांना स्पेंटवॉशचा थेंबही बाहेर सोडता येत नाही.

हा आकडा काढतात कसा? नमुन्यात गंधकाम्ल आणि नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेट घालून तो दोन तास उकळतात. डायक्रोमेटमधलं क्रोमियम घाणीला जाळतं आणि स्वतः हिरवं होतं. शेवटी उरलेलं डायक्रोमेट मोजलं, की किती खर्च झालं ते कळतं.

मग दोन तास कशाला? वाळलेलं पाचट भुरकन पेटतं, ओला बुंधा नुसता धुमसत राहतो. तसंच इथं. साखर लवकर जळते. पण व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल डायक्रोमेटला दाद देत नाही. म्हणून त्यात सिल्व्हर सल्फेट टाकतात. ते स्वतः खर्च होत नाही, फक्त क्रियेला वेग देतं. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

कधी उत्प्रेरक क्रियेतूनच जन्मतो. बारावीतल्या मुलांना विचारा. कोमट ऑक्सॅलिक आम्लात परमँगनेटचे पहिले थेंब टाकले, तर जांभळा रंग जाता जात नाही. थोडं मँगनीज तयार झालं, की पुढचे थेंब पडताक्षणी विरतात.

आता मुद्द्याचं. स्पेंटवॉशवरच्या बायोगॅस टाकीत आधी अशीच आम्लं तयार होतात, मग त्यांचा गॅस होतो. आम्लं साचली, की गॅस घटतो. त्या पाण्याची तपासणी चांदीशिवाय किंवा घाईनं उरकली, तर आम्लं न जळताच राहतात आणि आकडा खोटा, कमी येतो. कागद समाधानी होतो; भोगावं लागतं ओढ्याला आणि आपल्याच विहिरींना.

तेव्हा सभेत सी.ओ.डी.चा आकडा वाचला गेला, की एवढं जरूर विचारा: चांदी घातली होती का, आणि दोन तास पुरे झाले होते का?