फिरत्या घरातला फ्रिज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि पुढे डिसेंबर २०२२ मध्ये मेहकर, सिंदखेडराजा या बाजूने जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. त्यामुळे लोणारचे विवर, सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा आणि शेगावचे समाधिमंदिर या तिन्ही ठिकाणी आपले बिऱ्हाड चाकांवर घेऊन हिंडणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सुकर झाले आहे. ज्यांची गाडी नवी, त्यांचा प्रश्न नाही. परंतु परदेशातून आलेली अथवा दोनचार हात बदललेली जुनी गाडी असली, आणि बुलढाण्याच्या हवेत ठीक चाललेला तिच्यातला फ्रिज राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात येताच दूध नासवू लागला, की सल्ला देणाऱ्यांना तोटा राहत नाही. कोणी म्हणतो गॅस संपला, कोणी म्हणतो रात्रभर उलटा करून ठेवा, आणि कोणी सरळ भंगाराचा भाव सांगतो. या तिन्ही सल्ल्यांत सत्याचा अंश आहे. पण तो कोठे संपतो हे कळल्यावाचून खिशात हात घालू नये.

सर्व गैरसमजांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की फ्रिज थंडी निर्माण करतो. तो तसे काहीही करीत नाही. मोटेने विहिरीतले पाणी उपसून थारोळ्यात ओतावे, तशी तो कपाटातली उष्णता उपसून पाठीमागच्या नळ्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणून फ्रिज बिघडल्याची कैफियत ऐकताना आत काय झाले हे पाहण्याआधी, बाहेर टाकलेल्या उष्णतेला वाट आहे की नाही हे पाहावे लागते.

आपल्या घरांतून परिचित असलेला फ्रिज कॉम्प्रेसरचा. गोदरेज कंपनीने १९५८ साली या देशात बनविण्यास आरंभ केला, तो याच जातीचा. जुन्या फिरत्या घरांतून मात्र बहुधा दुसऱ्या कुळातले यंत्र आढळते, ज्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही आणि म्हणून आवाजही नाही. स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यापीठात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांनी १९२२ साली हे यंत्र सिद्ध केले आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनीने ते बाजारात आणले. जेथे वीज पोचली नव्हती तेथे रॉकेलच्या वातीवर चालणारे जे फ्रिज एके काळी वापरात होते, ते याचेच भाऊबंद. आणि हॉटेलच्या खोलीत रात्रभर निःशब्द उभा असणारा छोटा फ्रिजही पुष्कळदा याच घराण्यातला असतो.

'विस्तवाने कधी गार होते काय?' हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो, आणि खालच्या बाजूस पेटलेली निळी ज्योत पाहून पुष्कळ जण ती यंत्राची खोडी समजतात. वस्तुतः ती ज्योत हेच यंत्राचे इंजिन होय. पोलादी नळ्यांच्या सीलबंद जाळ्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. खालची उष्णता अमोनियाला पाण्यातून उकळून वर पाठवते, वरच्या पट्ट्यांत त्याचा द्रव होतो, हा द्रव हायड्रोजनच्या सहवासात पुन्हा उडून जाताना कपाटातली उष्णता शोषून घेतो, आणि खाली आल्यावर पाणी त्याला पुन्हा पोटात घेते. ही उष्णता गॅसच्या ज्योतीने द्या, २३० व्होल्टच्या हीटरने द्या अथवा गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीने द्या, आतल्या अमोनियाला त्याचे सोयरसुतक नाही.

आता पहिल्या सल्ल्याकडे वळू. गॅस 'संपत' नाही. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमधला वायू बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे तोच फिरत राहतो. तो मोटारीतल्या पेट्रोलप्रमाणे जळून खर्ची पडत नाही. तो कमी झाला असेल तर कोठे तरी गळला आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरून देणे म्हणजे काही महिन्यांनी तोच खर्च पुन्हा करण्याची तजवीज होय. चांगला मेकॅनिक आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने सांधे तपासतो, ड्रायर बदलतो, व्हॅक्यूम काढतो आणि मगच गॅस मोजून भरतो. हल्लीच्या घरगुती फ्रिजमधला आर-६०० ए हा वायू ग्रॅमांत मोजण्याइतका थोडाच लागतो, आणि तो ज्वालाग्राही असतो. तेव्हा 'थोडा जास्त टाकून देतो' हे औदार्य नम्रपणे नाकारावे. अमोनियाच्या यंत्राबाबत तर हा व्यवहार संभवतच नाही. त्यातले मिश्रण कारखान्यात मोठ्या दाबाखाली भरलेले असते, आणि खामगाव वा चिखलीच्या दुकानातला मेकॅनिक कितीही कुशल असला तरी ते भरण्याची साधने त्याच्यापाशी नसतात. फुटलेले यंत्र सबंध बदलावे लागते.

पण ते फुटले आहे हे ठरविण्याआधी गाडी सपाट उभी आहे काय ते पाहा. या यंत्रात पंप नसल्याने सगळा कारभार गुरुत्वाकर्षणावर चालतो. गाडी धावत असताना हिंदकळण्याने द्रव वाहता राहतो, म्हणून चढउतार बाधत नाहीत. परंतु बोथा घाटात सावली पाहून रस्त्याच्या कडेला तिरपी गाडी लावली आणि फ्रिज चालू ठेवून दुपार तेथेच काढली, तर द्रव एका वळणात अडकतो, उकळणारी नळी कोरडी तापते, आणि गंज रोखण्यासाठी मिश्रणात घातलेल्या क्रोमेटचे खडे साचून वाट बुजते. नव्या यंत्रांना साधारणतः आडवा ३ अंश आणि उभा ६ अंश कल चालतो. जुनी यंत्रे त्याहून हट्टी असतात. जुन्या मालकांच्या गाडीत फ्रीजरच्या तळाशी गवंड्याची छोटी लेव्हल ठेवलेली दिसते, ती काही हौस म्हणून नव्हे.

'उलटा करून ठेवा' या सल्ल्याचा उगम येथेच आहे. द्रव भलत्या जागी अडकला असेल तर यंत्र काढून उलटेसुलटे केल्याने तो सुटतो आणि फ्रिज क्वचित पुन्हा चालूही होतो. मात्र खडे फार साचले असतील वा नळी सडली असेल, तर या व्यायामाने पाठदुखीखेरीज काही हाती लागत नाही.

घाटाखालच्या तालुक्यांत वैशाख-ज्येष्ठात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि येथे फ्रिजविषयीची आणखी एक समजूत उघडी पडते, ती ही की चांगला फ्रिज कोणत्याही हवेत सारखाच गार करतो. प्रत्येक फ्रिज कोणत्या हवेसाठी बनविला आहे हे त्याच्या पट्टीवर लिहिलेले असते. 'एन' वर्गाचा ३२ अंशांपर्यंत, 'एसटी'चा ३८ पर्यंत आणि 'टी'चा ४३ अंशांपर्यंत. समशीतोष्ण कटिबंधासाठी घडलेला फ्रिज शेगावच्या मे महिन्यात हात टेकतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो. त्याच्यावर त्याच्या अधिकाराबाहेरचे काम सोपविलेले असते. त्यातून पाठीमागे प्लायवूडची भिंत घालून हवेची खालची आणि वरची जाळी बुजवलेली असेल, तर प्रश्नच मिटला. खालून थंड हवा आत यावी, पट्ट्यांवरून सरकत वर जावी आणि वरच्या झरोक्यातून निघून जावी, एवढी वाट मोकळी करून तेथे १२ व्होल्टचा लहानसा पंखा बसविला, तर पुष्कळ मृतप्राय फ्रिज पुन्हा दूध सांभाळू लागतात. गाडी उभी करताना फ्रिजची बाजू पश्चिमेकडे येऊ न देणे हा बिनखर्चाचा उपाय.

बॅटरीविषयीचा भ्रम अधिक महागात पडतो. तिन्ही साधनांवर चालतो याचा अर्थ तिन्हींवर सारखाच चालतो असा नव्हे. १२ व्होल्टवर हा हीटर १० ते १५ अँपिअर ओढतो. म्हणजे १०० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी लोणारच्या तळ्याकाठी रात्र संपण्याआधीच रिकामी होते. ही सोय फक्त इंजिन चालू असतानासाठी आहे. त्यातही तार बारीक असेल आणि फ्रिजपाशी १२ ऐवजी १०.५ व्होल्टच पोचत असतील, तर उष्णता जवळजवळ चतुर्थांशाने घटते, कारण ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पुष्कळदा दोष फ्रिजचा नसून गंजलेल्या एका जोडाचा असतो.

ज्योत पिवळी पडली असेल तर बर्नर काढून पाहावा. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत कोळी जेटच्या तोंडाशी जाळे विणतो, धुराड्यातली काजळी आणि गंजाचे पापुद्रे बर्नरवर पडतात, आणि एवढ्याने फ्रिज निकामी झाल्याचा पुकारा होतो. जेट स्पिरिटमध्ये भिजवून फुंकून साफ करावा. त्यात सुई वा तार घालणे हा हमखास होणारा प्रमाद आहे, कारण छिद्र किंचितही मोठे झाले की ज्योतीचे प्रमाण कायमचे बिघडते.

इतके पाहूनही उलगडा झाला नाही तर निर्णायक कसोटी एकच. वीज बंद करून हीटरचा रोध मोजावा. १२५ वॉटच्या, २३० व्होल्टवर चालणाऱ्या हीटरचा तो सुमारे ४२३ ओहम भरतो. तो ठीक असल्यास जाणत्या वायरमनकडून थर्मोस्टॅट वगळून हीटरला थेट वीज द्यावी, गाडी सपाट ठेवावी, आत पाण्याच्या पेल्यात तापमापी ठेवावा आणि आठ-दहा तास दार उघडू नये. हे यंत्र मुळातच संथ आहे. तासाभरात निकाल मागणाऱ्याने त्याच्यावर अन्याय करू नये. पाणी गार झाले तर यंत्र निर्दोष असून अपराधी थर्मोस्टॅट, स्विच वा बर्नर आहे. खालची नळी चटका बसण्याइतकी तापली आणि आतला पत्रा मात्र कोमटच राहिला, तर यंत्राचा मामला आटोपला असे समजावे.

मग बदलायचे ते काय? घरचा फ्रिज इन्व्हर्टरवर लावावा असा एक स्वस्त विचार पुढे येतो. तो चालतो, नाही असे नाही. परंतु कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कैक पटींनी वीज ओढतो, त्याला बेताचा इन्व्हर्टर पुरत नाही, आणि घरच्या फ्रिजचे दार खड्ड्यांच्या रस्त्यावर बंद राहण्याच्या प्रतिज्ञेने बनविलेले नसते. माझे मत १२ व्होल्टवर थेट चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजच्या बाजूने आहे. तो चालू असताना ३ ते ५ अँपिअर घेतो आणि तेही सतत नव्हे. गाडीचा कल त्याला फारसा बाधत नाही. आणि वऱ्हाडातल्या उन्हाचा जो शाप आहे तोच छपरावरच्या सौर पट्टीच्या रूपाने त्याचा चारा होतो. जुन्या यंत्राची बाजू घ्यायची तर एवढेच म्हणेन की गळती नसलेले आणि थंड हवेत नीट चालणारे यंत्र केवळ वयासाठी काढून टाकू नये.

गळती मात्र क्षम्य नाही. नाकाला झोंबणारा अमोनियाचा दर्प आला अथवा पाठीमागच्या नळीच्या सांध्याखाली हळदीसारखी पिवळी भुकटी पडलेली दिसली, तर ज्योत तत्काळ विझवून गाडीची सर्व दारे-खिडक्या उघडाव्या. ती भुकटी विषारी क्रोमेटची असते, तिला उघड्या हाताने शिवू नये. आणि असे यंत्र भंगारवाल्याच्या स्वाधीन करताना दोन पैसे कमी आले तरी चालतील, पण त्यात दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन असल्याचे त्याला स्पष्ट सांगावे, आणि नळ्या गॅसकटरने कापू नयेत हे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.