सायकल घेताना आधी फ्रेम पाहा

साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, काठ उजेडात धरतो. कुकर घेताना झाकण लावून बघतो. सायकल घ्यायची म्हटली, की मात्र रंग कोणता आणि गिअर किती, एवढं विचारून मोकळ्या होतो! हल्ली ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल निघाली आहे. हॅण्डल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड. ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेत कान्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची मोठी शर्यत होते, तसल्या रस्त्यांसाठी ही सायकल. किंमत साध्या सायकलीच्या कितीतरी पट, तेव्हा नीट पारखूनच घ्यायला हवी.

खडीचं आम्हा वसईकरांना काय कौतुक म्हणा! पेव्हर ब्लॉकमधल्या फटी, पावसाळ्यातले खड्डे, निर्मळ-भुईगावकडे वाड्यांतून जाणाऱ्या चिखलाच्या वाटा, राजोडीच्या किनाऱ्याजवळची वाळू, आणि पूर्वेला तुंगारेश्वरच्या वाटेवरचे दगड नि ओहोळ. बारीक टायर फटीत अडकतो, वाळूत रुततो. रुंद टायरमध्ये हवा जरा कमी ठेवता येते. त्यामुळे तो दगडावरून दबून जातो, ओल्यात पकड राहते आणि मनगटांना, पाठीला हादरे कमी बसतात.

गंमत म्हणजे हे काही नवीन नाही. दूधवाल्याची ती काळी, उंच सायकल आठवते ना? तिचा टायर २८ × १½, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर रुंद. ग्रॅव्हल बाइकचा टायरही बहुधा चाळिशीच्या आसपासच असतो. आजोबांच्या त्या सायकलीत मडगार्ड लावूनही चाकाभोवती ऐसपैस जागा असे. नवं नाव दिलं, की जुनीच भाजी महाग होते, दुसरं काय!

टायर कधीही बदलता येतो, पण फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. म्हणून फ्रेममध्ये टायरला जागा किती, हे आधी पाहायचं. माझ्या धाकट्या नणंदेच्या मुलीने पहिल्या नोकरीच्या पगारातून सायकल घेतली आणि रोज स्टेशनला सायकलने जाऊ लागली. रिक्षाचे पैसे वाचले, शेअर रिक्षाच्या रांगेतली अर्धा अर्धा तासाची ताटकळ संपली. दुकानदाराने सांगितलं होतं, “पुढे हवा तेवढा जाड टायर टाका.” पहिल्याच पावसाळ्यात मागचं चाक आणि फ्रेम यांच्यात चिखल बसला, चाक जाम झालं आणि पोरगी रस्त्यावर आपटली. मागून येणारी रिक्षा वेळेवर थांबली म्हणून गुडघ्यावरच निभावलं. मग जाड टायर आणला, तर तो फ्रेमला घासू लागला. घरात सुरू झालं, “मुलीच्या जातीला सायकल हवी कशाला?” मला ते पडण्यापेक्षा जास्त लागलं. उणीव मुलीत नव्हती, फ्रेममधल्या चार-पाच मिलिमीटरांत होती.

तर मैत्रिणींनो, दुकानात वाकून तीन जागा बघा. पुढच्या चिमट्याची वरची कमान. सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्या जिथे आडव्या जोडल्या आहेत ती जागा. आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे पायडलच्या लगेच मागे, चाकाच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणाऱ्या नळ्यांमधली. इथे टायर, चेनचं दातेरी चक्र आणि पायडलचे दांडे अशी सगळ्यांचीच गर्दी, त्यामुळे अडचण बहुधा इथेच होते. पर्समध्ये पोरांची एक साधी पेन्सिल ठेवा. ती साधारण ७ मिलिमीटर जाड असते. टायर आणि नळी यांच्यामधून ती दोन्ही बाजूंनी सहज सरकली पाहिजे. चाक हाताने फिरवूनही बघा, कारण चाकाला थोडा आउट असला तरी टायर घासतो. आपल्याकडच्या पावसात मडगार्डशिवाय भागत नाही, तेव्हा मडगार्ड लावल्यावर किती रुंद टायर मावतो हे वेगळं विचारा. मडगार्डविना सांगितलेला आकडा मोठाच असतो! मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं फ्रेमला आहेत ना, तेही बघून घ्या. ब्रेक शक्यतो डिस्कचे घ्या. रिमला धरणारे काही ब्रेकच टायरची रुंदी अडवतात, शिवाय रिम भिजली की पकड सैल होते.

टायरच्या अंगावर ४०-६२२ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा. जुन्या काळ्या सायकलीचा हा व्यास ६३५, म्हणून तिचा टायर या रिमवर चालणार नाही, दोन्हींना कुणी ‘अठ्ठावीस’ म्हणालं तरी.

उंचीने बेताच्या असलेल्या आपल्यासारख्या बायकांनी आणखी एक गोष्ट पाहायची. लहान फ्रेम, मोठं चाक आणि वर जाड टायर, असं असलं की वळताना पायाची बोटं पुढच्या चाकाला लागतात. सायकल उभी असतानाच पायडल आडवं करून त्यावर पाऊल ठेवा आणि हॅण्डल वळवून बघा. लागत असेल, तर ५८४ व्यासाच्या चाकांसाठी बनवलेली फ्रेम मागा. चाक लहान, पण टायर छान रुंद मावतो. भाचीने दुसऱ्या खेपेला तीच घेतली. पेन्सिल घेऊन मामीच सोबत गेली होती. दुकानातला पोऱ्या हसला, पण पेन्सिल अडकली त्या दोन सायकली त्यानेच बाजूला सारल्या.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खारा वारा विसरू नये. लोखंडी फ्रेमचा रंग जिथे खरवडला असेल, तिथे लगेच रंगाचा हात फिरवा. चिखलातून आल्यावर पायडलमागची ती अरुंद जागा गोड्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा आणि चेनला दोन थेंब तेल द्या. जुना दात घासायचा ब्रश या कामाला उत्तम.