आधी धातू ठरवा, मग टिग मशीन

हौसेने घरात वर्कशॉप थाटलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: स्वस्तातली टिग मशीन किती अँपिअरची घ्यावी? फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात ते हेच काम. पण त्याआधी विचारायला हवे, जोडायचा धातू कोणता?

हे तंत्र जन्मले तेच एका अवघड धातूपायी. अमेरिकेत जॅक नॉर्थ्रॉप यांना मॅग्नेशियमचे लढाऊ विमान बांधायचे होते आणि तापलेले मॅग्नेशियम हवेत पेट घेई. त्यांच्या कंपनीतल्या रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनच्या इलेक्ट्रोडभोवती हेलियमचे कवच धरले. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि हेलियम हवेला जवळ फिरकू देत नाही. १९४२ साली पेटंट मिळाले. नॉर्थ्रॉप यांचे नाव विमानांच्या इतिहासात गाजले. मेरेडिथ यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. ते प्रत्येक वेल्डिंग वर्गात पहिल्या दिवशी सांगायला हवे!

ॲल्युमिनियमची अडचण वेगळी. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांपुढेही तसाच राहतो. दूध खाली उकळतेय आणि वर साय घट्ट, असा प्रकार. इलेक्ट्रोड धन असताना हा थर निघतो, पण टंगस्टन भलतेच तापते. एसी प्रवाहात दिशा सतत बदलते: एका फेरीत सफाई, दुसऱ्या फेरीत धातूला उष्णता. म्हणून ॲल्युमिनियमसाठी एसी-डीसी मशीन लागते आणि ती बरीच महाग पडते.

स्टील आणि स्टेनलेस एवढेच जोडायचे असेल, तर डीसी पुरते. दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर धरले, तर १६० अँपिअरची मशीन हौशी कामाला भरपूर झाली.

डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. त्याशेजारी ड्यूटी सायकल पाहावी: ६० टक्के म्हणजे त्या प्रवाहावर दहा मिनिटांत सहाच मिनिटे काम. टंगस्टन धातूला न टेकवता आर्क पेटवणारी हाय फ्रिक्वेन्सी सोय असेल तर टोक खराब होत नाही. टंगस्टनचा इलेक्ट्रोड थोरियम मिसळलेला नको, कारण थोरियम किरणोत्सारी आहे आणि टोकाला धार लावताना त्याची धूळ श्वासात जाते. लँथेनम मिसळलेला उत्तम चालतो.

मशीनवर सगळे पैसे संपवू नका. शुद्ध आर्गनचे सिलिंडर, रेग्युलेटर आणि चांगले हेल्मेट यांसाठी रक्कम आधीच बाजूला काढा.