विकत मिळतं ते अर्धंच हत्यार

जपानी रंधा नवा कोरा आणला, खोक्यातून काढला आणि लाकडावर ओढला, तर बहुधा काहीच होत नाही. पातं ओकच्या ठोकळ्यात इतकं घट्ट असतं, की ते तोंडापर्यंत उतरतच नाही. नव्या माणसाला वाटतं, दुकानदारानं फसवलं. पण चांगला माल असाच येतो. पटाशीचीही तीच गत. मुठीच्या टोकावरची लोखंडी कडी नुसती अडकवलेली असते. ती काढायची, आतून कानशीनं घासायची, मुठीचं लाकूड हातोडीनं ठोकून दाबायचं आणि मग कडी पक्की बसवायची, हे काम गिऱ्हाइकाचं. लोहार अर्धं काम करतो. उरलेलं अर्धं वापरणाऱ्यानं करायचं असतं. या हत्यारांच्या दुनियेतले बहुतेक किस्से त्या उरलेल्या अर्ध्याचेच आहेत.

शाईचे डाग

या रंध्याला ना स्क्रू, ना चाकं. पातंच पाचरीसारखं वर जाड आणि खाली बारीक असतं आणि ठोकळ्यातल्या खाचांत आवळून बसतं. ते बसवायची रीत अशी: पात्याला शाई किंवा ग्राफाइट फासायचं, हलकेच ठोकून आत घालायचं, पुन्हा बाहेर काढायचं. लाकडावर जिथे काळा डाग उमटला, तेवढंच पटाशीनं खरवडायचं. मग पुन्हा शाई, पुन्हा डाग. घाईत एक ढलपी जास्त निघाली की पातं सैल झालंच. मग खाचेत कागदाचा तुकडा चिकटवून वेळ मारून न्यावी लागते.

तळाचीही एक गंमत आहे. बघताना तो सपाट वाटतो. पण शेवटचा हात फिरवायच्या रंध्याचा तळ लाकडाला दोनच ठिकाणी टेकतो, पुढच्या टोकाशी आणि पात्याच्या तोंडाजवळ. मधला भाग कागदाच्या जाडीइतका मुद्दाम खरवडलेला असतो. हवा दमट झाली की ओक फुगतो आणि हे गणित बिघडतं. म्हणून तळ सारखा करायला वेगळा रंधा ठेवतात.

नाव जपानी, पोलाद विलायती

संग्राहकांत ज्यांचं नाव घेताना आवाज आपोआप बदलतो, ते लोहार चियोझुरू कोरेहिदे. जन्म 1874 चा, मृत्यू 1957 चा. घराणं तलवारी घडवणाऱ्यांचं. पण 1876 मध्ये जपान सरकारनं तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली, तेव्हा हे जेमतेम दोन वर्षांचे. वयात येईपर्यंत घरच्या धंद्याला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. मग सगळी विद्या रंध्याच्या पात्यांत आणि पटाश्यांत उतरली. आज त्यांची हत्यारं कोबेच्या ताकेनाका सुतारकाम हत्यार संग्रहालयात मांडलेली दिसतात. बाजारात त्यांच्या नावाचा खोटा माल इतका फिरतो, की नुसत्या सहीवर भरवसा ठेवणाऱ्याला जाणकार हसतात.

या शुद्ध जपानी कलेच्या पोटात विलायती माल भरपूर आहे. कोरेहिदेंनी आयात केलेलं पोलाद वापरलं. 1905 मध्ये जपानच्या अॅडमिरल तोगोंनी रशियाचं आरमार बुडवलं. पुढे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँड्र्यू कंपनीचं पोलाद जपानमध्ये तोगोंच्या नावानं विकलं गेलं आणि त्या पोलादाची पाती संग्राहक आजही शोधत असतात.

पात्यात पोलादाचा थर पातळ असतो. बाकी अंग मऊ घडीव लोखंडाचं. हे लोखंड निसण्यावर भराभर झिजतं, म्हणून कठीण पोलादालाही हातानं धार लावता येते. पण तसलं लोखंड आता कुणी बनवत नाही. म्हणून लोहारांच्या मागच्या खोलीत जहाजांचे जुने नांगर, साखळदंड, पाडलेल्या पुलांचे तुकडे साठवलेले असतात. भंगारवाल्याला जे ओझं, ते यांना बेगमीचं धान्य.

फेकलेली पटाशी

वापरणाऱ्याच्या अर्ध्याबद्दल सांगायचं तर जपानमधल्या नाराकडे वळावं लागतं. त्सुनेकाझू निशिओका हे होर्यूजी मंदिराचे पिढीजात सुतार. मंदिराच्या जुन्या खांबांवर भाल्याच्या पात्यासारख्या रंध्याच्या खुणा होत्या. ते हत्यार काही शतकांपूर्वीच वापरातून गेलेलं. निशिओकांनी त्याचा आकार शोधून काढला, साकाईच्या तलवारकाराकडून ते घडवून घेतलं आणि ते चालवायचंही नव्यानं शिकले.

त्यांच्याकडे मित्सुओ ओगावा हा 18 वर्षांचा मुलगा शिकायला आला. काम नाही, म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. तो दुसरीकडे काम शिकत राहिला आणि 1969 मध्ये, होरिंजी मंदिराचा मनोरा पुन्हा बांधायचं ठरल्यावर, दाखल झाला. निशिओकांनी आधी त्याची हत्यारं मागितली. एक पटाशी उचलली, धार पाहिली आणि बाजूला फेकली. शेरा नाही, खुलासा नाही. वर त्याला कोठार झाडायला पाठवलं. कोठारात निशिओकांची स्वतःची हत्यारं होती आणि मनोऱ्याचे नकाशे होते. बघायची ही परवानगी आहे, हे पोरानं न सांगता ओळखलं.

पुढचा हुकूम असा, की वर्षभर टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्र बंद. फक्त धार लावायची. एक दिवस निशिओकांनी रंधा ओढून एक पापुद्रा काढला आणि असा काढ, एवढंच सांगितलं. ओगावानं तो खिडकीच्या काचेवर चिकटवला आणि रोज स्वतःचा पापुद्रा त्याच्याशी ताडून पाहू लागला. धडा एवढाच. पुढे याच शिष्यानं मंदिर-सुतारकामाची स्वतःची संस्था काढली आणि पोरं घडवली.

छावणीतली शाळा

दुसरा किस्सा आपल्या देशाला स्पर्श करून जातो. जॉर्ज नाकाशिमा अमेरिकेत जन्मलेले, एमआयटीत वास्तुकला शिकलेले. 1930 च्या दशकात पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातल्या गोलकोंद इमारतीच्या बांधकामावर त्यांनी काम केलं. महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून 1942 मध्ये त्यांना आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं. तिथे गेंतारो हिकोगावा नावाचे, जपानी पद्धतीत तयार झालेले सुतार भेटले. जपानी हत्यारं आणि सांधे यांचं खरं शिक्षण नाकाशिमांना मिळालं ते या अमेरिकी छावणीत, भंगार लाकडावर. नंतर 1964 मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आले आणि तिथे त्यांच्या आराखड्यांवरून फर्निचर घडलं.

आखूड पातं, चढा भाव

जुन्या बाजारात नवखा माणूस लांबलचक, चकचकीत पातं उचलतो. मुरलेला आधी पात्याची पाठ बघतो. पाठ मधे खोलगट असते आणि धारेलगत सपाट पट्टी. ती पट्टी झिजून संपली, की उतारावरच्या मऊ लोखंडावर हातोडीच्या कोपऱ्यानं बारीक बारीक ठोके देऊन पोलाद पुढे आणावं लागतं. एक ठोका चुकून पोलादावर पडला, तर पात्याला तडा. त्यामुळे हे काम नीट झालेलं, झिजून अर्ध्यावर आलेलं पातं दिसलं की समजायचं, कुणा सुतारानं हे जिवापाड वापरलंय. न वापरलेलं पातं चांगलं निघेलच याची हमी कोण देणार?

शर्यतीही लागतात. 1997 पासून भरणाऱ्या केझुरोकाई मेळाव्यात अखंड, पातळ पापुद्रा काढायची चढाओढ असते. मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. जिंकणारे पापुद्रे पाचाच्याही खाली जातात. रंधा ओढायचं काम काही क्षणांचं. सगळा दिवस जातो धारेत, तळात आणि लाकूड ओलसर ठेवण्यात.

करवतीची कथा मात्र उलटी. हल्लीच्या जपानी करवतीचे दात विजेच्या उष्णतेनं इतके कठीण केलेले असतात, की कानस लागतच नाही. करवत घरी आणल्या क्षणी तयार, कापते लोण्यासारखी, स्वस्तही. व्यावसायिक सुतारही तीच घेतात. दात गेले की पातं टाकायचं, नवं चढवायचं. परिणामी करवतीला दात पाडून देणारे कारागीर उरलेत मोजके. वापरणाऱ्यासाठी काहीच काम न ठेवणारं हे हत्यार, आणि फेकून द्यावं लागतं तेही हेच.

म्हणून या छंदात पडायचं असेल, तर पहिले पैसे पटाशीवर घालू नका. 1000 आणि 6000 नंबरचे, पाण्यावर चालणारे दोन धारेचे दगड घ्या. दगडही झिजून खोलगट होतो, तेव्हा तो सपाट करायची सोय बघा. घरातली जुनी पटाशी काढा आणि तिच्यावर हात बसवा. मनगटावरचे केस सहज उतरू लागले, की मग जपानी पातं मागवा. त्याआधी मागवलंत, तर ते काचेच्या कपाटात जाईल, आणि कुठल्याच लोहारानं ते त्यासाठी घडवलेलं नसतं.