सही करण्याआधी: सहलीचं हमीपत्र

तोरणमाळला सीताखाईच्या कड्यावर किंवा यशवंत तलावाकाठी तंबूसहल ठरली, की आयोजक बहुधा एक कागद पुढे करतो: 'काही झाल्यास जबाबदारी माझी स्वतःची राहील.' घाट चढायच्या गडबडीत आपण तो न वाचताच सही करतो. त्या कागदात बरेचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, मी नुकसानभरपाई मागणार नाही. दुसरी जास्त जड: माझ्यामुळे कुणी आयोजकावर दावा लावला, तर त्याचा खर्च मी भरेन. करार कायदा, 1872 च्या कलम 124 मध्ये अशा हमीची व्याख्या आहे. म्हणून दुसरं वाक्य नीट शोधून वाचा.

सही केली म्हणजे सगळे हक्क संपले, हा समज मात्र चुकीचा. दगडावरून पाय घसरणं हा डोंगरातला धोका. तो आपण पत्करलेला असतो. झिजलेला दोर बांधून कड्यावरून उतरवणं हा निष्काळजीपणा, आणि त्यातून माणूस दगावला तर फौजदारी गुन्हा कागदाने टळत नाही. सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार त्याच करार कायद्याच्या कलम 23 नुसार रद्द ठरतो. ग्राहकावर अवाजवी अट लादणाऱ्या कराराविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली राज्य आयोगाकडे जाता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही तर कायद्याने बंधनकारकच नसते.

राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांची नोंदणी अपेक्षित आहे. नोंदणी, विमा आणि प्रथमोपचाराची सोय आधी विचारा, आणि सही केलेल्या कागदाचा फोटो जवळ ठेवा.